भुंडा हात

"ए, नवरा जित्ता हाय ना तुझा?"

मांडवात पन्नासएक बाया व्हत्या. वैनीसाहेबांनी विचारलं मला, पण माझ्या तोंडाकडं बघून न्हाई, माझ्या डाव्या हाताकडं बघून. मी गव्हाची पाटी उचलायला वाकले, पदर सरकला, आन् सकाळपासनं झाकून ठेवलेला हात सगळ्यांच्या पुढ्यात उघडा पडला.

"हाय की," मी म्हणले. "दौंडला रेल्वेत हाय. खलाशी."

"मग हात भुंडा का? माझ्या पोरीच्या मांडवात अपशकुन करायला आलीस व्हय गं?"

उजव्या हातात माझ्या आठ काकणं व्हती. डाव्यात एक न्हाई. डावा हात खांद्यापासनं बोटांपर्यंत सुजलेला. मनगट कुठं संपतं आन् पंजा कुठं सुरू व्हतो ते कळत नव्हतं. त्यात काकण जात नव्हतं. एवढीच गोष्ट. पण आमच्याकडं भुंडा हात म्हंजी नवरा मेलेली बाई. तिनं हळदीच्या आसपास फिरकायचं न्हाई, नवरीला शिवायचं न्हाई, सवाशिणींच्या रांगेत बसायचं न्हाई. माझा नवरा चांगला दोन वेळा जेवून कोळसा उपसत व्हता, पण ते कोण बघतंय.

वैनीसाहेब म्हंजी भीमेकाठच्या आमच्या गावातल्या बड्या बागायतदाराची बायको. नदीकडंचा सगळा ऊस त्यांचा. सोसायटी त्यांची, तालुक्याला शिरूरला कचेरीत शब्द चालायचा तो त्यांचा. आमची वस्ती गावाबाहेर, त्यांच्या बांधाला लागून. त्यांच्याकडं लगीन निघालं की आमच्या बायांनी धान्य निवडायचं, भांडी घासायची, गोठा काढायचा. बदल्यात जेवण आन् काकणं. लग्नघरानं गावातल्या सगळ्या बायांना काकणं भरायची, ही रीत. कासार आदी घरातल्यांना भरायचा, मग सोयऱ्यांना, मग गावातल्यांना. आम्ही शेवटी, गोठ्याच्या अंगाला. आमच्या हाताला तो शिवत नव्हता. सुतळीत ओवलेली काकणं भुईवर ठेवायचा आन् मागं सरायचा. आम्ही एकमेकींच्या हातात भरायचो. भरून झाली की त्याला लांबनंच नमस्कार करायचा. ही बी रीत.

"कासारमामा, हिच्या डाव्या हातासाठी चार द्या," वैनीसाहेब म्हणल्या.

कासारानं मान वाकडी करून माझा हात बघितला. "वैनीसाहेब, ह्या मापाची काकणं मी कुठनं आणू? हत्तिणीच्या पायात घालायची असतील तर सांगा."

घरातल्या बाया हसल्या. सोयऱ्यातल्या हसल्या. आमच्या बी हसल्या, आन् ते जास्त लागलं.

मी म्हणले, "वैनीसाहेब, डाक्टरांनी नको सांगितलंय. ह्या हाताला काप पडला की..."

"डाक्टर तुझा नवरा हाय का?"

परत हसणं. कासारानं त्यातल्या त्यात मोठी चार काकणं काढून भुईवर ठेवली. माझ्या जावेनं माझं मनगट धरलं. दुसऱ्या दोघींनी खांदा दाबला. तो खांदा वर जात न्हाई हे त्यांना ठावं व्हतं, रोज पाण्याला बरोबर असायच्या. "साबण आण गं," जाऊ म्हणली. साबण सुमननं आणला. सुमन माझी पोर, एकुलती एक. तवा पंधराची व्हती. तिला वाटलं साबण लावला तर आईला दुखणार न्हाई.

पयलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं अंगठ्याच्या हाडापाशी अडलं आन् फुटलं. फुटलं म्हणायचं नसतं, वाढवलं म्हणायचं असतं. तर वाढवलं. काच अंगठ्याखाली घुसली. मला कळलंबी न्हाई, त्या हाताला निम्म्या जागी समजतच न्हाई. जाऊ ओरडली तवा मी रगत बघितलं.

"र्‍हाऊ दे, दोन बास झाली," वैनीसाहेब म्हणल्या. "आता कसं घरंदाज दिसतंय. जा, कामाला लाग."

आन् मी काय केलं? हात जोडले. कासाराला नमस्कार केला. रगत मनगटावरनं कोपराकडं चाललंय, आन् मी त्या दोन काकणांसाठी नमस्कार केला. मग वैनीसाहेबांच्या पाया पडले, लांबनं, भुईला डोकं टेकून. ते करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं हे. आजबी ती हत्तीण आठवली तर मला हसू येतं एखाद्या वेळी. पण तो नमस्कार आठवला की जीव जळतो.

हात असा का झाला ते सांगते. नवे पैसे आले त्या साली माझ्या डाव्या थानात गाठ आली. आवळ्याएवढी. दुखत नव्हती म्हणून मी कुणाला बोलले न्हाई. बोलणार तरी कुणाला? आम्ही तवा दौंडला रेल्वेच्या चाळीत राहात व्हतो. गाठ कातडीला चिकटली, कातडी आत ओढली गेली, तवा रेल्वेच्या डाक्टरनं बघितलं आन् मुंबईला धाडलं. रेल्वेचा पास व्हता म्हणून. न्हाईतर आमच्यासारखीला कोण मुंबई दाखवतंय?

तिथं थान काढलं. नुसतं थान न्हाई. खालचं मांस काढलं, काख खरवडून काढली. कातडी पुरंना तर मांडीची कातडी सोलून छातीला लावली. त्याच्या आदी नर्सनं दोन्ही हातातली काकणं कापून टाकली, तवा मी रडले. थानासाठी न्हाई, काकणांसाठी. एवढी मी शहाणी.

मग शेक. विजेचे शेक. रोज एका खोलीत नेऊन टेबलावर निजवायचे, जाड दार लावून घ्यायचे आन् सगळे बाहेर जायचे. मशीन घुमायचं. दुखत न्हाई काही. पण ज्या खोलीत थांबायला डाक्टर धजत न्हाई, शिपाई धजत न्हाई, तिथं मला एकटीला निजवायचे आन् म्हणायचे, हलू नका. मी हलत नव्हते. छाताड बघता बघता काळं पडलं, सोललं, पाणी वाहिलं. एकदा मोठे डाक्टर शिकाऊ पोरं घेऊन आले. वीसएक असतील. मला कमरेपर्यंत उघडी करून उभी केली. "हात वर कर." मी केला, जाईल तेवढा. "अजून." अजून केला. पोरांनी लिहून घेतलं. मला नाव कुणी विचारलं न्हाई.

निघताना एका नर्सनं सांगितलं, "काखेतल्या गाठी काढल्यात. हातातलं पाणी वाहून जायची वाटच गेली. ह्या हाताला जन्मभर जपायचं. सुई नको, चटका नको, काप नको, घट्ट काही नको." तीनदा माझ्याकडनं म्हणून घेतलं तिनं. चांगली व्हती बिचारी. पण कुणी तुमचा हात धरूनच ठेवला तर काय करायचं, हे तिनं सांगितलं न्हाई. तिला बी ठावं नसंल.

गाठ परत आली न्हाई. समदे म्हणतात, नशीबवान हाय बाई. व्हय, नशीबवान. सूज वर्षभरानं आली. आदी बोटं जड, मग मनगट, मग समदा हात. सकाळी जरा हलका असतो, दुपारपासनं भरत जातो, दिवस मावळताना दगड व्हतो. बोट दाबलं की खड्डा पडतो आन् तसाच र्‍हातो. मूठ मिटत न्हाई. भाकरी थापताना पीठ एका हातानं दाबायचं, एका हातानं फिरवायचं. काखेपासनं खाली दंडाला समजत न्हाई, तर एकदा चुलीपाशी दंड तव्याला लागला आन् मला वास आला तवा कळलं. खांदा आखडलाय, डोक्यावर हंडा ठेवायला हात पोचत न्हाई, म्हणून पाणी कमरेवर आणते. शेकाच्या जागी कातडी चामड्यागत कडक झाली, वर लाल शिरा. कोरडा खोकला लागला तो लागलाच. एकदा खोकताना कड्‌ऽ असा आवाज आला. डाक्टर म्हणला, फासळी मोडली, शेकानं हाडं ठिसूळ व्हतात. खोकताना फासळी मोडती, ऐकलंय कवा?

पण हे समदं सोसलं असतं मी. अंग हाय, दुखायचंच. माणसं लांब गेली त्याचं काय करू?

मुंबईहून आले तर चाळीतल्या बायांनी नळावर माझी घागर लांब ठेवायला लावली. रोग उडून लागंल म्हणून. पंधरा दिवसांनी नवरा म्हणला, "खोली लहान हाय. तू गावाकडं र्‍हा. मी सुट्टीला येत जाईन." सुट्टीला येतो, जेवतो, ओट्यावर निजतो. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या छातीकडं बघितलं न्हाई. वाईट माणूस न्हाई तो. दारू पीत न्हाई, मारत न्हाई. नुसतं बघत न्हाई. जावेनं माझा तांब्या, माझी ताटली वेगळी केली. न्हाणीत मी एकटी बसते, अंग धुते, आन् त्या सपाट जागेवर हात फिरवते. माझ्याशिवाय तिथं हात लावणारं कुणी र्‍हायलं न्हाई. हे बोलू नये बाईमाणसानं. पण खरं हाय ते.

सुमन तेवढी जवळ व्हती. माझ्या केसाला तेल ती लावायची, माझा हात खांद्याच्या वर पोचत नव्हता म्हणून. बोलायची न्हाई फारसं. पण पाठीमागं बसायची. तेवढं माझं माणूस.

तर काकणं भरल्याच्या तिसऱ्या दिवशी थंडी वाजून आली. हात लालभडक, गरम. खांद्यापर्यंत लाल रेघा. दोन्ही काकणं मांसात रुतलेली, वरनं दिसेनात. नवरा सुट्टीला आला व्हता, त्यानं बैलगाडी केली. उन्हाळ्यात नदीला पाणी नव्हतं, वाळूतनं गाडी उतरवली आन् दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात नेलं.

तिथली सिस्टर शिरूरच्या मिशनवाल्यांतली. मराठीच, ख्रिस्ती. पन्नाशीची, तोंडानं फटकळ. ड्रेसरनं पक्कड घेऊन काकणं कापली, तिनं काच वेचली, इंजेक्शन दिलं उजव्या हाताला. मग मला विचारलं, "कुणी घातल्या?"

"बायांनी."

"आणि तुम्ही घालू दिल्या?"

"मग काय करू? धरला व्हता मला."

"नको म्हणालात?"

"एकदा म्हणले."

तिनं पट्टी बांधली आन् गेली. मला असा राग आला तिचा! मनात म्हणले, तुझं काय जातंय गं बाई, पांढरी टोपी घालून विचारायला? तू आमच्या गावात र्‍हाऊन बघ. दुसऱ्या दिवशी ती परत आली, माझा हात उशीवर उंच ठेवला, आन् म्हणाली, "ऐकून घ्या. असा ताप आता येत राहणार. प्रत्येक तापाला हात आणखी जाड होणार. तुम्ही मरणार नाही इतक्यात. पण ह्या हाताबरोबर जगायचं आहे तुम्हाला, त्या बायांना नाही."

बारा दिवस व्हते मी तिथं. शेजारच्या खाटेवरची बाई दुसरी खाट मागून घेऊन तिकडं गेली. नवऱ्याची ड्यूटी. सुमन एकदा आली, भाकरी घेऊन, दाराशी उभी र्‍हाऊन रडली. साबण तिनं आणला व्हता ना, ते तिच्या डोक्यात बसलं व्हतं. मी म्हणले, तुझा काय दोष न्हाई. मग ती गेली आन् परत मी एकटी.

बारा दिवस छताकडं बघत दुसरं काय करणार? मी त्या सिस्टरला मनातल्या मनात शिव्या देत व्हते, आन् देता देता थांबले. नको मी एकदाच म्हणले व्हते. मुंबईला वीस पोरांपुढं उघडी केली, तवा तेवढंबी म्हणले नव्हते. नवरा म्हणला गावाकडं र्‍हा, मी गाठोडं बांधलं. घागर लांब ठेव म्हणल्या, ठेवली. माझ्या अंगाचा एक तुकडा गेला, आन् र्‍हायलेल्या अंगावर ज्याला पाहिजे त्यानं हात टाकला. वैनीसाहेबांनी माझा हात धरायला लावला हे खरं. पण भुईला डोकं कुणी टेकवलं? मीच टेकवलं. कुठं शिकले मी हे? आईकडं बघून, आजीकडं बघून. मारलं तरी नमस्कार, दिलं तरी नमस्कार. छी! मला माझीच किळस आली. खाटेवर बसून मी मोठ्यानं म्हणले, "न्हाई." कुणाला म्हणले काय ठावं. झाडूवाली बाई वळून बघायला लागली.

आन् मग सुमनचं लगीन आलं.

पानशेत होऊन दोन वर्षं झाली असतील. पोरगा नदीपलीकडचा, साखर कारखान्यात कामाला. तिथं तो लागला व्हता वैनीसाहेबांच्या मालकांच्या चिठ्ठीनं. स्थळ बी त्यांनीच सुचवलेलं. माझ्या नवऱ्याला तर आकाश ठेंगणं झालं. त्यात ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर, म्हणून वैनीसाहेब सोता वस्तीत हळदीला येणार असा निरोप आला. शाळेतनं त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

आमच्यात हळदीच्या सकाळी जात्याला आंब्याचा डहाळा बांधतात, आन् पाच सवाशिणी मिळून हळद दळतात. खुंट्याला पयला हात नवरीच्या आईचा. ह्या एका गोष्टीसाठी मी जीव धरून व्हते म्हणा ना. दुसरं पोर मला झालं न्हाई, व्हणार न्हाई. माझ्या पोरीच्या हळदीला माझा हात लागायला पायजे.

जीप वस्तीच्या तोंडाशी थांबली. वैनीसाहेब आल्या, खुर्चीवर बसल्या. मागनं तोच कासार, हातात कापडाची पुरचुंडी. वैनीसाहेबांनी ती सोडून भुईवर ठेवायला लावली. चार हिरवी काकणं. एवढी मोठी की सुमनच्या दंडात गेली असती.

"बघ," त्या म्हणल्या. "शिरूरच्या बाजारात मोठ्यातली मोठी हुडकायला लावली, खास तुझ्यासाठी. मागल्या वेळचं मनात ठेवू नकोस. घाल, आन् बस जात्यावर."

एवढी मोठी बाई आपल्या दारात काकणं घेऊन आली, ह्यापेक्षा मान कसला? जाऊ माझ्याकडं बघून डोळ्यांनी खुणावत व्हती, घे, घे. आन् खरं सांगते, हात पुढं गेलाच माझा. अर्धा गेला. सवय वाईट. सकाळची वेळ, हात हलका व्हता, काकणं शिरली बी असती. पण दुपारी तीच काकणं मांसात बसली असती. मग परत गाडी, परत पक्कड, परत ताप. त्यांच्या मनात वाईट नसंल त्या दिवशी. पण विचारलं कुणी मला?

मी हात मागं घेतला. "न्हाई घालणार."

"काय?"

"न्हाई घालणार म्हणले. ह्या हातात काही घालायचं न्हाई."

माझा नवरा पुढं आला. हळू आवाजात म्हणला, "अगं एका दिवसाचा तर प्रश्न हाय. घाल की. पोरीचं लगीन मोडायचंय का तुला?"

तवा माझं टाळकं सरकलं. मी त्याला दंडाला धरून वैनीसाहेबांपुढं उभा केला. म्हणले, "तुम्ही विचारलं व्हतं ना, नवरा जित्ता हाय का? ह्यो बघा. जित्ता हाय. बोलतोय बी." मागनं कुणीतरी फिसकन हसलं आन् लगेच गप्प झालं.

वैनीसाहेबांचा चेहरा उतरला. "मग तू आत बस. हळदीला तुझी जाऊ हात लावंल. भुंड्या हाताची हळद पोरीच्या अंगाला लागायला नको."

"वैनीसाहेब," मी म्हणले. "तुमच्या मांडवात तुम्ही माझा हात कापला, आन् मी नमस्कार केला. हा माझा मांडव हाय. हितं मी तुमचं ऐकणार न्हाई."

आन् जाऊन जात्यावर बसले. उजवा हात खुंट्याला लावला, वर डावा ठेवला. सुजलेला, उघडा, भुंडा.

चार सवाशिणी बसलेल्या व्हत्या. पयली जाऊ उठली. मग दोघी एकदम उठल्या. चौथी जरा वेळ बसली, माझ्याकडं बघत. मला वाटलं ही थांबणार. तिच्या नवऱ्यानं हाक मारली, तीबी गेली. वैनीसाहेब उठल्या. "ह्या हळदीनं पोरीचं वाटोळं व्हईल, लिहून ठेव," म्हणल्या, आन् जीप गेली. कासार आपली काकणं गोळा करून मागनं पळाला.

पाचजणींची हळद मी एकटीनं दळली. हळकुंडं कडक असतात, जातं जड. डाव्या अंगात जोर न्हाई. चार फेरे झाले की खोकला यायचा, मोडलेल्या फासळीत कळ जायची, थांबायचं, परत फिरवायचं. कुणी जवळ आलं न्हाई. गाणं म्हणायला बी कुणी नव्हतं. जात्याची घरघर तेवढी. सुमन दारात पाटावर बसली व्हती, खाली मान घालून. दळून झालं तवा मी परात तिच्यापुढं नेली.

ती म्हणली, "आई, एवढं काय व्हतं? एक दिवस तर घालायची व्हती."

मी परात उंबऱ्यात ठेवली.

पोरीला बोल लावत न्हाई मी. अठरा वर्षांची पोर, लगीन मोडंल म्हणून भ्याली व्हती. पण ते वाक्य वैनीसाहेबांनी म्हणलं असतं, तर मी उत्तर दिलं असतं. तिला काय देऊ?

वऱ्हाडात कुजबूज झाली. नवरदेवाच्या चुलत्यानं अट घातली, हळद दुसरी पायजे. जावेच्या घरात दुसरी दळली. पाच सवाशिणी, गाणी, समदं रीतसर. तीच सुमनला लागली. माझा नवरा तिथं उभा व्हता, पान देत. माझी परात माझ्या उंबऱ्यात पडून व्हती. लगीन लागलं. अक्षता मी मागनं टाकल्या, लांबनं. पोर गेली, वळून बघितलं तिनं, पण आली न्हाई जवळ.

दिवाळीला आली न्हाई. पयल्या दिवाळसणाला सासरच्यांनी धाडली न्हाई. वस्तीतल्या बाया अजून माझ्याशी कामापुरत्या बोलतात. वैनीसाहेबांच्या रानात मला काम न्हाई, मी नदीपलीकडं दौंडच्या बाजूला खुरपायला जाते, एका हातानं, निम्म्या मजुरीवर. केसाला तेल माझं मीच लावते, पुढं जेवढं पोचतं तेवढं. मागचे केस कोरडे र्‍हातात. पावसाळ्यात ताप येतो, हात आणखी जाड व्हतो. सिस्टर खरं बोलली व्हती. कधी कधी संध्याकाळी ओट्यावर बसते, डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर घेते, आन् मला वाटतं, घातली असती चार काकणं, तर पोर आली असती. वाटतं की. माणूस हाय मी. पण मग मला पक्कं कळतं, चार काकणांवर ते थांबलं नसतं. पुढल्या वेळी काहीतरी दुसरं निघालं असतं.

ह्या महिन्यात कार्ड आलं. मला वाचता येत न्हाई, पोष्टमननं वाचून दाखवलं. सुमनला मुलगी झाली. बाळंतपणाला आईला बोलावलं नव्हतं, ते सासरीच झालं. आता उद्या बारसं हाय. पुढं लिहिलं व्हतं: "आई, तू ये. सासूबाई म्हणतात, डाव्या हातात काहीतरी घालून यावे, नाहीतर हात पदराखालून बाहेर काढू नये. चार माणसांत शोभा नको." पोष्टमननं कार्ड माझ्या हातात दिलं आन् सायकलीवर बसून दुसरीकडं बघत गेला.

नवरा म्हणला, "पदराखाली ठेव. तुझं काय जातंय?"

चोळीची डावी बाही मला आवळते, तिला मी आजवर उसवून नाड्या लावत व्हते. ती बाही आज खांद्यापासनं कापून टाकली. सकाळी नदी उतरून चालत निघणार. पाळण्यातनं नातीला मी उचलणार, ह्या दोन्ही हातांनी. दारात अडवलं तर दारात बसंन, पण तिला बघितल्याशिवाय माघारी येणार न्हाई. आन् माझं मनगट धरायला कुणी पुढं आलंच, मग ती सुमनची सासू असू दे, गावची वैनीसाहेब असू दे, न्हाईतर खुद्द सुमन असू दे, तर आता मी नको-नको म्हणत बसणार न्हाई. चावंन.